फवारणी करूनही व्हायरस का पसरतो? मावा आणि पांढरी माशी यांना वळवणारे विषाणू

2020 च्या उन्हाळ्यात पुणे, नगर आणि सातारा जिल्ह्यांतील टोमॅटो उत्पादकांना एक विचित्र अनुभव आला. फळे नेहमीसारखी लाल न होता कुठे पिवळी, कुठे हिरवी, कुठे पांढुरकी राहू लागली, आणि शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव देऊन टाकले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सापडला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात रावेर-यावल भागातील केळीबागांवर ‘हरण्या’ रोग आला आणि कित्येकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. त्यामागेही हाच विषाणू होता.

दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: मावा दिसला की फवारणी केली, मावा मेलाही, मग व्हायरस का थांबला नाही? या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या गुणवत्तेत शोधले जाते आणि दुकानदारापासून कंपनीपर्यंत सगळ्यांना दोष दिला जातो. तो दोष प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही. पण उत्तराचा मोठा भाग विषाणू, झाड आणि कीड यांच्या आपसांतील व्यवहारात दडलेला आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील संशोधनावरून दिसते की अनेक विषाणू कीड येण्याची नुसती वाट पाहत नाहीत. ते झाडाचा वास, रंग आणि रस बदलतात, आणि काही विषाणू तर किडीच्या वागण्यातही फेरफार घडवून आणतात.

विषाणूला वाहन का लागते?

विषाणू म्हणजे प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेला जनुकीय मजकूर. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत, आणि जिवंत पेशीबाहेर तो स्वतःची एक प्रतही काढू शकत नाही. माणसाचे विषाणू खोकल्यातून आणि शिंकेतून पसरतात, कारण माणूस चालतो, बोलतो आणि गर्दी करतो. झाड जागचे हलत नाही. शिवाय त्याच्या प्रत्येक पेशीभोवती जाड भिंत असते आणि ती फोडण्याचे कोणतेही साधन विषाणूकडे नसते. म्हणून त्याला असे कोणी तरी लागते, जे एका झाडाची पेशी टोचेल आणि मग दुसऱ्या झाडाची पेशी तितक्याच हलक्या हाताने टोचेल.

आपण ज्यांना रसशोषक किडी म्हणतो, त्या नेमके हेच काम करतात. मावा, पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांपैकी बहुतेकांची सोंड सुईसारखी असते. अळीप्रमाणे पान कुरतडले, तर पेशीच फाटून मरते आणि मेलेल्या पेशीत विषाणूला काही करता येत नाही. सुईने टोचलेली पेशी मात्र जिवंत राहते. विषाणू वाहून नेणाऱ्या किडीला शास्त्रीय भाषेत ‘वाहक’ म्हणतात. हा शब्द पुढेही येईल.

सकाळच्या उन्हात टोमॅटोच्या पानावर नुकताच उतरलेला पंखवाला मावा साध्या भिंगातून पाहिला, तर पुढच्या सगळ्या गोष्टी समजायला सोपे जाते. तो आधी चार पावले चालतो, मग थांबतो, दोन्ही मिशा मागे पाठीकडे वळवतो आणि सोंड पानाला टेकवतो. दहा-वीस सेकंदांत सोंड वर येते आणि तो पुन्हा चालू लागतो. तो अजून जेवायला बसलेला नसतो. हे झाड आपल्या कामाचे आहे की नाही, याची तो फक्त चव घेत असतो. झाड पसंत पडले तरच तो सोंड खोलवर नेऊन अन्नरस वाहणाऱ्या नलिकेत घालतो आणि तिथे तासन्‌तास बसतो. पाने तेलकट करणारा चिकटा, मुंग्यांची रांग, काळी बुरशी हे सगळे त्या बसलेल्या माव्याचे काम असते. विषाणूच्या दृष्टीने मात्र चव घेऊन उडून जाणारा मावा फार मोलाचा असतो, विशेषतः काकडीवरच्या मोझॅकसारख्या विषाणूच्या दृष्टीने.

दोन प्रकारचे प्रवासी

वाहकावर स्वार होण्याच्या पद्धतीवरून या विषाणूंचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार सोंडेच्या टोकाशी नुसता चिकटणाऱ्यांचा. त्यांना किडीच्या शरीरात शिरायचे नसते. काही सेकंदांच्या चाखण्यात ते सोंडेला लागतात आणि पुढच्या झाडावरच्या पहिल्या एक-दोन टोचण्यांत उतरतात. त्यांचा मुक्काम थोडा असतो. काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत सोंड पुन्हा निर्मळ होते. काकडीवरचा मोझॅक आणि पपईवरचा रिंगस्पॉट हे या प्रकारातले आहेत.

दुसरा प्रकार लांबच्या प्रवाशांचा. ते रसाबरोबर किडीच्या आतड्यात जातात, तिथून तिच्या शरीरद्रवात, मग लाळग्रंथींत, आणि तेव्हा कुठे लाळेवाटे नव्या झाडात उतरतात. या प्रवासाला कित्येक तास लागतात, पण एकदा तो पूर्ण झाला की कीड अनेक दिवस, काही वेळा आयुष्यभर, रोग पसरवत राहते. पांढऱ्या माशीकडून पसरणारे पर्णगुच्छाचे, हळद्याचे आणि पिवळ्या मोझॅकचे विषाणू या प्रकारचे असतात. 2023 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची शेते पिवळी पडली, तेव्हा चर्चेत आलेला पिवळा मोझॅक याच गटातला.

या दोन प्रकारांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पहिल्याला कीड यावी, चाखावी आणि तत्काळ निघून जावी असे हवे असते. दुसऱ्याला ती यावी आणि पोटभर जेवेपर्यंत बसावी असे हवे असते. प्रत्यक्ष झाडांवर काय होते हे संशोधकांनी तपासले, तेव्हा दोन्ही गटांतील अनेक विषाणूंनी झाडात घडवलेले बदल ज्याच्या-त्याच्या गरजेशी जुळणारे निघाले.

वास खमंग, चव बेकार

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. भोपळ्याच्या कुळातील वेलींना काकडीवरच्या मोझॅकची लागण करून त्यांच्यावर मावा कसा वागतो हे संशोधकांनी पाहिले. लागण झालेल्या वेली हवेत जास्त गंधद्रव्ये सोडत होत्या, आणि विशेष म्हणजे त्या गंधाची घडण निरोगी वेलीच्या गंधासारखीच होती, फक्त प्रमाण वाढलेले होते. दुरून येणाऱ्या माव्याला ते एखादे मोठे, टवटवीत झाड वाटावे, असा हा प्रकार होता. त्या वासावर मावा आलाही. पण सोंड टेकवताच त्याला रस निकृष्ट असल्याचे कळले आणि तो लवकरच उडून गेला. जे मावे त्या वेलींवर ठेवले गेले, त्यांची वाढही तिथे चांगली झाली नाही.

एस.टी. स्टँडबाहेरच्या गाडीवरून तळणीचा घमघमाट यावा, आपण पाय वळवून तिथे जावे, पहिल्याच घासाला तेल खवट लागावे आणि पुडी टाकून पुढच्या गाडीकडे निघावे, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की इथे गाडीवाल्याला गिऱ्हाईक टिकवायचे नसून पुढच्या गाडीवर पाठवायचे आहे, आणि जाताना त्याच्या बोटांना लागलेले काही तरी तिथे पोहोचवायचे आहे.

त्या प्रयोगात माव्याच्या दोन जाती होत्या आणि त्यांतली एक आपल्या चांगल्या ओळखीची आहे: कपाशीवर आणि काकडीवर्गीय पिकांवर येणारा मावा. केळीच्या हरण्या रोगाचे कोडे इथे बरेचसे सुटते. हा मावा केळीवर सहसा वसाहत करून राहत नाही. तो आजूबाजूच्या कपाशीवरून, काकडी-भोपळ्यावरून किंवा तणांवरून उठतो, केळीच्या पानावर क्षणभर उतरतो, चव घेतो आणि निघून जातो. केळीत भोपळावर्गीय आंतरपीक घेऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. बागेत फिरून ‘मावा तर दिसत नाही’ असे म्हणणारा शेतकरी खरेच बोलत असतो. रोग आणून गेलेला मावा तिथे थांबलेलाच नसतो.

हा विषाणू 1,200 हून अधिक वनस्पतींवर जगू शकतो आणि माव्याच्या 80 हून अधिक जाती त्याची ने-आण करतात. त्यामुळे एकच कीड किंवा एकच तण हेरून तो आटोक्यात येत नाही.

अधिक महिन्यातला जावई

लांबच्या प्रवाशांच्या बाबतीत उलटे चित्र दिसते. झाडाला कीड लागली की झाड एरवी गप्प बसत नाही. जास्मोनिक आम्ल नावाच्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर ते किडीला न मानवणारी द्रव्ये तयार करू लागते. टोमॅटोच्या पर्णगुच्छाला कारण होणाऱ्या चीनमधील एका विषाणूबरोबर डीएनएचा एक छोटा जोडीदार असतो, त्याला उपग्रह-डीएनए म्हणतात. त्यात जेमतेम एका प्रथिनाची माहिती असते, पण ते प्रथिन झाडातील याच इशाऱ्यांची वाट अडवते. मग झाडाचा प्रतिकार ढिला पडतो आणि अशा झाडावर पांढरी माशी निरोगी झाडापेक्षा जास्त जगते, जास्त अंडी घालते. अधिक महिन्यात जावयाला पाटावर बसवून आग्रहाने वाढावे, तसा हा पाहुणचार आहे.

असे उपग्रह आपल्याकडेही आहेत. भेंडीचा हळद्या रोग 1924 साली तत्कालीन मुंबई इलाख्यातून प्रथम नोंदवला गेला, आणि त्या रोगातही विषाणूबरोबर असाच उपग्रह-डीएनए असतो असे पुढे आढळले.

जेवून झाल्यावर जावयाने घरी जायलाही हवे, नाही तर विषाणू त्याच झाडावर अडकून पडेल. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये गव्हाला पिवळे आणि खुजे करणाऱ्या एका विषाणूवर काम केले आणि या अडचणीवरचा तोड दाखवून दिला. अंगात विषाणू नसलेला मावा रोगट गव्हाकडे ओढला जात होता. तोच मावा विषाणू घेतल्यानंतर निरोगी गव्हाकडे वळत होता. हा बदल रोगट झाडाच्या रसामुळे झाला असेल, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून त्यांनी झाडाला मध्ये न आणता, पातळ पडद्यामागे ठेवलेल्या कृत्रिम द्रावणातून माव्याला शुद्ध विषाणू पाजला. आवड तरीही बदलली.

किडीच्या शरीरात शिरून

फुलकिड्यांची गोष्ट याहूनही पुढची आहे. टोमॅटोवर ठिपके आणि मर आणणारा एक विषाणू फुलकिड्यांच्या शरीरात नुसता फिरत नाही, तिथे त्याची वाढही होते. म्हणजे तो झाडाचा जितका विषाणू आहे, तितकाच किडीचाही आहे. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विषाणूबाधित नर फुलकिडे विषाणू नसलेल्या नरांच्या तुलनेत तिपटीपर्यंत अधिक वेळा पेशी टोचताना आढळले, आणि ही वाढ विशिष्ट प्रकारच्या टोचण्यात होती: सोंड पेशीत जायची, लाळ सुटायची, पण पेशी शोषून रिकामी केली जायची नाही. शोषलेली पेशी मरते, नुसती टोचलेली जगते, आणि लाळेबरोबर उतरलेल्या विषाणूला जगलेलीच पेशी हवी असते.

जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील 2021 चे संशोधन तर वाचताना खरे वाटू नये असे आहे. काकडीवरच्या मोझॅकबरोबर कधी कधी आरएनएचा एक छोटा तुकडा असतो. तो स्वतः वाढू शकत नाही, विषाणूच्या यंत्रणेवर जगतो. चोरावर मोर म्हणावा असा हा जीव. त्याच्या एका प्रकारामुळे तंबाखूची पाने झगझगीत पिवळी होतात आणि पिवळा रंग माव्याला खेचतो, म्हणून तर आपण पिवळे चिकट सापळे लावतो. त्या पानांवर पोसलेला मावा आधी तांबूस होतो आणि मग त्याला पंख फुटण्याचे प्रमाण वाढते. एरवी माव्याला पंख फुटतात ते गर्दी झाली किंवा झाड वाळू लागले की; इथे प्रवासाला निघण्याचा इशारा या तुकड्यामुळे मिळतो.

पण विषाणूला मेंदू कुठे आहे?

हा आक्षेप रास्त आहे, आणि वर मीच ‘हवे असते’, ‘गरज’ असे शब्द वापरल्यामुळे त्याला अधिक धार येते. विषाणूला इच्छा नसते. त्याची प्रत काढताना सतत चुका होतात आणि त्यामुळे एकाच झाडात त्याची थोडीथोडी वेगळी रूपे तयार होतात. एखाद्या रूपामुळे झाडाचा गंध योगायोगाने वाढला आणि त्यामुळे चार कीटक जास्त आले, तर ते रूप चार झाडांवर जास्त पोहोचते. असे लाखो वेळा घडल्यावर जे उरते ते आपल्याला योजनाबद्ध वाटते. नदीकाठचे गोटे कोणी घासून गुळगुळीत केलेले नसतात, तरी ते गुळगुळीत असतात.

रोगट झाडाला कीड लागणारच, त्यात नवल काय?

हा दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आजारी झाड पिवळे पडते, त्याच्या रसातील साखर आणि अमिनो आम्ले बदलतात, त्यामुळे किडींचे वागणे बदलले तर त्यात विषाणूचे खास कर्तृत्व ते कोणते? ही शंका दूर करण्यासाठी संशोधकांनी पूर्ण विषाणूऐवजी त्याचे एकेकच प्रथिन झाडात तयार करून पाहिले. झाडाला रोग नव्हता, तरी परिणाम दिसला. वर सांगितलेले उपग्रहाचे प्रथिन असेच तपासले गेले आहे, आणि सलगमवरच्या एका मोझॅक विषाणूचे एक प्रथिन एकटे असतानाही माव्याची वाढ आणि पैदास सुधारते, असे 2014 मध्ये दाखवले गेले.

तरीही सरसकट विधान करू नये, असे मला वाटते. काकडीवरच्या मोझॅकचाच वाण भोपळ्याच्या शेतातून घेतला आणि भोपळ्यावर सोडला, तर माव्यावरचा परिणाम त्याच्या फायद्याचा दिसतो. तोच वाण ढोबळ्या मिरचीसारख्या अनोळखी पिकावर सोडला, तर परिणाम नाहीसा होतो किंवा उलटाही होतो. म्हणजे ही जुळणी त्या-त्या पिकाच्या सहवासात घडते. काही बदल निव्वळ आजाराचे दुष्परिणाम असतीलही. पेनसिल्व्हेनियातील प्रयोग शेतातही झाला होता, पण पुष्कळ प्रयोग काचघरातल्या मोजक्या कुंड्यांवर झालेले आहेत, आणि आपल्या शिवारात एका झाडावर दोन-तीन विषाणू व चार किडी एकाच वेळी असतात.

माणसाला काही होते का?

होत नाही. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीत टोमॅटोच्या व्हायरसविषयी नाही नाही ते बोलले गेले आणि आधीच टाळेबंदीने गांजलेल्या उत्पादकांना त्याचा फटका बसला. झाडांचे हे विषाणू माणसाच्या पेशींत शिरू शकत नाहीत. मिरचीवरचा एक विषाणू तर आपण जेवणातून इतका खातो की तो माणसाच्या विष्ठेत सर्रास सापडतो, आणि पाण्यात सांडपाणी मिसळले आहे का हे ओळखण्यासाठी त्याचाच उपयोग केला जातो.

मग फवारणी करायची की नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात असते; ते पोटात जाऊन मावा मरायला वेळ लागतो. चव घेणाऱ्या माव्याने त्याआधीच, पहिल्या मिनिटात, विषाणू उतरवलेला असतो. शिवाय काही औषधांनी मावा मरण्यापूर्वी बेचैन होतो आणि या पानावरून त्या पानावर जास्त टोचत फिरतो. म्हणून काकडीवरच्या मोझॅकसारख्या विषाणूसाठी फवारणीवर विसंबणे म्हणजे चोर निघून गेल्यावर दाराला कुलूप लावणे होय. पांढरी माशी पसरवत असलेल्या रोगांत मात्र माशीला विषाणू घेऊन पुढे द्यायला कित्येक तास लागतात, त्यामुळे तिथे वेळेवर केलेल्या फवारणीचा उपयोग होतो. आपल्या शेतातला विषाणू कोणत्या प्रकारचा, हे कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात विचारून घेणे औषधाचे नाव विचारण्याआधीचे काम आहे.

चाखून जाणाऱ्या वाहकांविरुद्ध उपयोगी पडणारे उपाय त्याला उतरूच न देण्याचे किंवा त्याची सोंड निर्मळ करून घेण्याचे असतात. रोपवाटिका कीटकरोधक जाळीत ठेवणे, चंदेरी मल्चिंग पेपर वापरणे, कारण त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने उडता मावा बिचकतो, आणि शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणे, हे त्यांतले मुख्य. बाहेरून येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे दोन-चार वेळा सोंड टोचतो, आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच उतरून वाया जातो. युरोपात बटाट्याच्या बियाण्याच्या शेतांत खनिज तेल फवारतात, कारण तेलाचा थर असलेल्या पानात सोंडेवरचा विषाणू नीट उतरत नाही. बांधावरचा केना आणि त्याच्यासारखी बारमाही तणे काढणेही यातच येते. पीक नसताना विषाणू तिथे मुक्काम करतो.

रोगट झाड उपटण्याबद्दल एक गोष्ट राहून जाते. बहुतेक जण ते भर दुपारी उपटतात, हातात धरून शेतातून चालत बांधापर्यंत नेतात आणि तिथेच टाकतात. पांढऱ्या माशीने भरलेले झाड असे हलवले की पोटात विषाणू असलेल्या माश्या वाटेभर उडतात, आणि गव्हावरच्या माव्याप्रमाणे त्यांचाही कल निरोगी झाडाकडे झालेला असेल, तर त्या जाऊन बसतात ते शेजारच्या ओळीतल्या हिरव्यागार झाडांवरच. म्हणून झाड पहाटेच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना, आधी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकावे, पिशवीचे तोंड बुंध्याशी आवळावे, मग मुळासकट उपटावे आणि पिशवी न उघडता शेताबाहेर नेऊन पुरावे किंवा जाळावे.